तस्करांना सरकारनेच पैसे दिले तर तो गुन्हा नाही का?

डिचोलीकर
काल इथे एकाने लिहिलं की ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना चोरून नेणाऱ्या बोटवाल्यांना पैसे चारून परत पाठवलं ते शंभर टक्के बरोबर, थोडक्यात प्रश्न मिटला, आपणही बांगलादेश सीमेवर दलालांना असंच मॅनेज करावं. खाली लाइकचा पाऊस. डोकं सणकलं म्हणून सविस्तर लिहितोय.

मे २०१५. इंडोनेशियातल्या जावाहून न्यूझीलंडला निघालेली बोट, ६५ माणसं, बहुतेक श्रीलंकेची, काही बांगलादेशची, एक म्यानमारचा. ऑस्ट्रेलियन नौदल आणि कस्टम्सने अडवली. लोकांना दोन लहान बोटींत घातलं, डिझेल जेमतेम, आणि सहा खलाशांना मिळून साधारण ३२ हजार अमेरिकन डॉलर रोख देऊन इंडोनेशियाकडे वळवलं, असं खलाशीही सांगतात आणि प्रवासीही. वाटेत एका बोटीचं डिझेल संपलं, सगळे दुसरीत चढले, ती इंडोनेशियाच्या रोटे बेटाजवळ खडकावर लागली, गाववाल्यांनी माणसं बाहेर काढली. इंडोनेशियाच्या पोलिसांनी खलाशांकडच्या नोटा दाखवल्या. ऑस्ट्रेलियाचे दोन मंत्री आधी साफ नाही म्हणाले, मग तेव्हाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांना विचारलं तर हो नाही आणि नाही पण नाही, काहीही करून बोटी थांबवणार एवढंच.

माझं म्हणणं सरळ आहे. जो माणूस पैसे घेऊन माणसं चोरून नेतो त्याला तुम्ही गुन्हेगार म्हणता, त्याला धरायला कायदा करता, आणि मग त्यालाच पैसे देऊन तीच माणसं दुसऱ्या देशात सोडायला लावता. त्याला दोन्हीकडून भाडं मिळालं. बोटीतल्या ६५ जणांना कोणी विचारलं?

कुंकळ्येकार
बाब, लेख मोठा पण एक गोष्ट गाळलीस. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात बोटीने वीस हजारांवर माणसं आली. त्याआधीच्या पाचेक वर्षांत हजाराहून जास्त माणसं त्या समुद्रात बुडून मेली. डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंड बेटाच्या खडकांवर बोट फुटली, किनाऱ्यावरचे लोक बघत होते आणि काही करता येत नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये बोटी परतवायची मोहीम सुरू झाली आणि वर्षभरात बोटी जवळपास बंद. बुडणारी पोरं वाचली की नाही ते सांग आधी. ३२ हजार डॉलर म्हणजे त्यांच्या एका गस्तीच्या जहाजाचं डिझेल पण नसेल.

अ‍ॅडव्होकेट फोंडा
कुंकळ्येकार, बोटी परतवणं आणि खलाशांना पैसे देणं या दोन गोष्टी तुम्ही एकात मिसळताय. बोटी कमी झाल्या त्या अडवल्यामुळे आणि लोकांना नाऊरू, मानूस या दूरच्या बेटांवर छावण्यांत डांबल्यामुळे. पैसे दिले म्हणून झाल्या याला पुरावा काय?

आता कायदा. स्थलांतरितांच्या तस्करीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा प्रोटोकॉल, म्हणजे देशादेशांतला करार, आहे, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया दोघेही त्यात आहेत, २०११ पासून आपणही आहोत. त्यात तस्करी म्हणजे आर्थिक फायद्यासाठी एखाद्याला तो जिथला नागरिक किंवा कायम रहिवासी नाही अशा देशात बेकायदा घुसवणं. ती माणसं इंडोनेशियाची नव्हती. त्यांना पैसे घेऊन इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं म्हणजे ही व्याख्या जशीच्या तशी लागते, फक्त भाडं सरकारने भरलं. ऑस्ट्रेलियाच्या २००१ च्या गुप्तचर कायद्यात परदेशात काम करणाऱ्या एजंटांना संरक्षण आहे, त्यामुळे पैसे त्यांच्या हातून गेले असतील तर घरच्या कोर्टात खटला उभा राहणं कठीण. पण शिक्षा होत नाही म्हणजे गुन्हा नाही असं होत नाही.

तारवटी निवृत्त
मी आयुष्य दर्यावर काढलं म्हणून बोलतो. २०१० मध्ये अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं, सगळे आपले भारतीय. एप्रिल २०११ ला खंडणी दिली तरी त्यांनी सात जणांना ठेवून घेतलं, का तर आपल्या नौदलाने त्यांचे चाचे धरले होते. त्यांची सुटका ऑक्टोबर २०१४ ला. साडेतीन वर्षं! तेव्हा आमच्या जहाजावर रोज रात्री ब्रिजवर जादा लुकआउट, रेलिंगला काटेरी तार, आणि जेवताना एकच विषय, आपल्याला धरलं तर कंपनी पैसे देणार काय. मी म्हणत होतो द्यायलाच पाहिजेत. माणूस सोडवायला पैसे देणं मला समजतं. माणूस परत ढकलायला दिलेले पैसे मला समजत नाहीत.

कुंकळ्येकार
चाचे आणि हे एक कसे? आणि बोटीतले सगळे आश्रय पाहिजे म्हणून येतात हे पण मान्य नाही. काही नोकरीसाठी पण येतात. आमच्या गोव्यात लोकांनी लिस्बनमध्ये जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि इंग्लंडला गेले ते कोणी छळलं म्हणून गेले? निदान कायद्याने गेले.

पेडण्याची माया
पासपोर्टवाल्यांना इथे ओढू नका. माझी दोन भावंडं इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतात, त्यांच्या पैशांवर आईचं ऑपरेशन झालं. गोव्यात काय ठेवलंय त्यांच्यासाठी, खाणी बंद पडल्या तेव्हा तुम्ही नोकऱ्या दिल्या?

कुंकळ्येकार
मी त्यांना वाईट म्हटलंच नाही! नीट वाच तरी. आणि खाणींचा विषय काढशील तर आमच्या गावच्या शेतात अजून लाल चिखल आहे.

पेडण्याची माया
वाचलंय, रोख कळतो मला. आणि कायद्याने गेले म्हणता तर ऐका. माझ्या नवऱ्याला एका एजंटने क्रूझची नोकरी म्हणून पैसे घेतले, पावती वहीच्या कागदावर, शिक्का नाही, पासपोर्ट ठेवून घेतला. मुंबईत गेल्यावर कळलं असं कुठलं जॉइनिंगच नाही. पासपोर्ट परत द्यायला त्याने वर आणखी पैसे मागितले. म्हणजे फसवायचे पैसे आणि सोडायचे पण पैसे. पोलिसात गेलो तर सेटलमेंट करा म्हणाले. त्या एजंटला सरकारने बोलावून थोडे पैसे घे आणि गप बस म्हटलं असतं तर? त्याने दुसऱ्या दिवशी आणखी दहा पोरं गोळा केली असती. हेच म्हणतोय ना डिचोलीकर.

अ‍ॅडव्होकेट फोंडा
माया, पावतीचा तो कागद अजून असेल तर जपून ठेव. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे नोंदणी लागते, नसेल तर तो स्वतंत्र गुन्हा. सेटलमेंट सांगणाऱ्यांना ते लेखी द्यायला सांगायचं.

डिचोलीकर
परत मूळ मुद्द्यावर या. कुंकळ्येकार, तुम्हाला एकच विचारतो. ज्या सहा जणांनी पैसे घेतले त्यांना इंडोनेशियाने तुरुंगात टाकलं. ज्यांनी दिले त्यांचं नाव आजपर्यंत कोणी उघड सांगत नाही. हे न्यायाचं वाटतं?

कुंकळ्येकार
नाही वाटत. झालं समाधान? पैसे द्यायचे होते तर संसदेत उभं राहून द्यायला पाहिजे होते, लपवले ते चूक, एवढं घ्या माझ्याकडून. पण बोटी अडवणं चूक हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

तारवटी निवृत्त
अडवा ना. अडवल्यावर माणसांना जहाजावर घ्या, कोण कशासाठी आलाय ते विचारा, मग काय ते ठरवा. अपुऱ्या डिझेलवर कोणाला समुद्रात सोडणं हे कुठल्याही कप्तानाने केलं तर त्याचं सर्टिफिकेट जाऊ शकतं.

कुंकळ्येकार
डिझेलचं बरोबर आहे तुमचं.