मदत हवी आहे: मामा तलावात लावलेली हायड्रिला टिकत नाही

गोंदिया जिल्ह्यातला मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव), अंदाजे १२ एकर. काठाची बेशरम (माजणारं झुडूप) उन्हाळ्यात मुळासकट उपटली आणि पाळीबाहेर नेऊन वाळवली, कारण कांडीचा तुकडा ओलीत पडला की पुन्हा फुटतो. तळ नांगरला. पाऊस लागल्यावर गुडघाभर पाण्यात हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींचे झुपके चिखलाच्या गोळ्यात बांधून लावले. पोळ्यापर्यंत हिरवे होते, दसऱ्याला नुसती खुडलेली देठं उरली.

पाणी गढूळ आहे. पांढरी ताटली सोडली तर वीतभर खोलीवरच दिसेनाशी होते.

संशय दोन माशांवर. गवत्या (ग्रास कार्प) कोवळी पाणवनस्पती खातो हे उघड आहे. पण सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो, गाळ उठतो, उजेड खाली पोचत नाही. मग गवत्या काढूनही झाडं कुजणारच. खुडलेली देठं गवत्याकडे बोट दाखवतात, गढूळपणा सायप्रिनसकडे.

अडचणी अशा: माशांचं बीज मच्छीमार संस्थेने सोडलेलं, त्यामुळे यंदा सगळी मासळी काढता येणार नाही. धानाला पाणी सुटतं, पातळी भराभर उतरते. गुरं इथलंच पाणी पितात, तणनाशक नको. रोहू, कतला, मिरगल राहणारच.

विचार आहे बांबू रोवून जाळीचा घेर करायचा, आत लावायचं. जाळीचं भोक किती ठेवावं, म्हणजे मोठा मासा आत जाणार नाही आणि शेवाळाने जाळी बुजणारही नाही? आणि एवढ्या गढूळ पाण्यात लागवड किती खोलीवर करावी, म्हणजे उजेडही मिळेल आणि पाणी उतरल्यावर झाडं उघडीही पडणार नाहीत?