दांडिया बाजारातल्या वाड्यासाठी टीव्ही की प्रोजेक्टर?

बडोदेकर_72: आमचा दिवाणखाना 11 फूट रुंद, पूर्वेला दोन मोठ्या खिडक्या. आई सकाळी कीर्तन बघते, रात्री सगळे क्रिकेट. तिला धावफलक वाचता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. धाकटा भाऊ प्रोजेक्टरच घ्या म्हणतो.

रावपुरा_ताई: प्रोजेक्टर नको हो! तो काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवर जेवढा उजेड, तेवढाच त्याचा काळा. सकाळच्या उन्हात कीर्तनकार फिकेच दिसणार. 55 इंची फोर-के घ्या. पडदा साधारण 4 फूट रुंद आणि 3840×2160 बिंदू, त्यामुळे आईंची खुर्ची सहा फुटांवर ओढली तरी चित्र फुटत नाही. माझ्या सासूबाईंना खुर्ची पुढे घेतल्यावरच अक्षरं लागली. दुकानात आईंना न्याच, आणि भडक डेमोऐवजी चालू सामना लावायला सांगा.

मांडवीकर: सेट-टॉप बॉक्स एचडी आहे ना? साधं चॅनल मोठ्या पडद्यावर आणखी धूसर दिसतं. टीव्ही खिडकीसमोर लावू नका.

बडोदेकर_72: बॉक्स जुनाच आहे, तोही बदलतो. खिडक्या लावलेल्या आईला चालायच्या नाहीत, तेव्हा टीव्हीच. ताई, रविवारी तिला घेऊन जातो.