कॅन्यनचे तैलचित्र : जागेवरचे छोटे चित्र जिवंत, घरी केलेले मोठे चित्र निर्जीव, असे का होते?

रंकाळाकाठचा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली नऊ वर्षे ॲरिझोनातील फिनिक्स येथे राहतो. चित्रकला हा माझा व्यवसाय नाही. शाळकरी वयात रंकाळ्याच्या काठावर आणि पुढे पन्हाळ्याच्या उतारांवर बसून जलरंगांत निसर्गचित्रे केली, एवढीच माझी शिदोरी आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पहिल्यांदा गेलो तेव्हाही जलरंगच बरोबर होते. परंतु तिथल्या कोरड्या हवेत कागदावरचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, पसरण्याआधीच वाळत होता, आणि दोन कागद वाया घालवून मी परत आलो. तैलरंगांकडे वळलो तो त्या दिवसानंतर.

त्यानंतर माझी पद्धत तीनदा बदलली. सुरुवातीला मी काढलेल्या फोटोंवरून घरी चित्रे करीत असे; ती नीटनेटकी होत, पण भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी दिसत. मग साडेतीन-चार तास गाडी चालवून प्रत्यक्ष काठावर जाऊ लागलो आणि आठ बाय दहा इंचांच्या बोर्डावर दीड-दोन तासांत एक चित्र संपवू लागलो. ही चित्रे ओबडधोबड असली तरी त्यांत ऊन आहे, असे पाहणारेही म्हणतात. आता तिसरा टप्पा म्हणून त्याच छोट्या चित्रांवरून तीस बाय चाळीस इंचांचा कॅनव्हास करायला घेतो, आणि तिथे सारे बिनसते. छोट्या चित्रात फटकाऱ्यानिशी आलेला कडा मोठ्या चित्रात विटांच्या भिंतीसारखा होतो. लाल रंग जितका वाढवावा तितका तो अधिकच मंद वाटतो, आणि दूरचे कडे पांढरा मिसळून मागे ढकलायला गेलो की खडू फासल्यासारखे दिसतात.

छोटे चित्र चौकोन आखून कॅनव्हासवर मोठे करतो, आणि मग माझा क्रम असा असतो : आधी आकाश, मग दूरचे कडे, मग जवळचे, आणि सर्वांत शेवटी सावल्या, त्याही पातळ रंगाने वरून चढवलेल्या. तपशिलासाठी फोटो शेजारी उघडा ठेवतो. चूक नेमकी कुठे होते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना ब्रश

आपला प्रश्न वाचून जुने दिवस आठवले. मी बावीस वर्षे युटामध्ये होतो, आता पुण्यात असतो. तिथल्या झायन राष्ट्रीय उद्यानाचे आणि ग्रँड कॅन्यनचे मिळून किती बोर्ड खराब केले याची मोजदाद नाही.

उत्तर आपल्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. सावल्या शेवटी चढवणे ही जलरंगाची सवय आहे. जलरंगात कागदाचा पांढरा राखून उजेडाकडून अंधाराकडे जावे लागते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते निभावतेही, कारण सह्याद्रीच्या रांगा एकामागोमाग एक धुरकट होत जातात आणि अंतराचे निम्मे काम बाष्पच करून टाकते. कॅन्यनमध्ये हवा इतकी स्वच्छ असते की समोरचा उत्तर काठ सरळ रेषेत सोळा किलोमीटरवर असूनही हाकेच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो. तिथे अंतर, उंची आणि आकार या तिन्ही गोष्टी सावल्याच सांगतात. म्हणून तैलरंगात आधी सावल्या बसवायच्या, सर्व सावल्या मिळून एकच जोडलेला आकार आहे असे समजून बसवायच्या, आणि मग उन्हाचा भाग भरायचा.

जागेवर आपण हे नकळत करीत असणार. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे सावली पळण्याआधी ती पकडावीच लागते. ती घाईच आपल्या छोट्या चित्राला वाचवते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जी सावली आखली ती शेवटपर्यंत बदलायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. समोर नंतर कितीही मोहक उजेड पडला तरी तो दुसऱ्या बोर्डासाठी. दक्षिण काठावरून आपण उत्तरेकडे पाहत असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य पाठीशी किंवा डोक्यावर असतो आणि सावल्या आखूड होऊन सगळा देखावा सपाट पडतो. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास एवढाच खरा वेळ. मधल्या वेळात मी पेन्सिलने रेखाटने करीत असे किंवा सरळ झोपत असे.

आता सावलीच्या रंगाविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. कॅन्यनमधली सावली ही काळी पडलेली लाल नव्हे. ज्या सावलीतल्या कड्यासमोर उन्हात तापलेला दुसरा कडा उभा असतो, त्याच्यावर नारिंगी परावर्तित उजेड पडतो आणि सावली आतून पेटल्यासारखी दिसते. त्याच सावलीतले आकाशाकडे तोंड केलेले टप्पे मात्र निळसर-जांभळे असतात. एकाच सावलीत उष्ण आणि शीत असे दोन रंग शेजारी नांदतात, पण त्यांची गडदता जवळजवळ सारखी असते. डोळे किलकिले करून पाहिले की ते एकजीव झाले पाहिजेत. झाले नाहीत तर त्यांपैकी एक चुकला आहे.

फोटो नेमका इथेच दगा देतो. साधा कॅमेरा सावली काळी करतो, आणि हल्लीचे मोबाईल सावली उजळून व ऊन दाबून सगळे एकाच पातळीवर आणतात. दगडाच्या भेगा मोजायला फोटो ठीक आहे, रंगासाठी नाही. मोठा कॅनव्हास सुरू असताना फोटो बंद करून ठेवा आणि फक्त छोटे चित्र समोर ठेवा. त्यात जे नाही ते बहुधा मोठ्या चित्रालाही नको असते. आपल्या विटा त्या भेगा मोजण्यातूनच आल्या आहेत.

लाल मंद का वाटतो, याचेही कारण शेजारच्या सावलीतच आहे. ट्यूबमधला कॅडमियम रेड थेट लावला तर तो कड्यावर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो. उन्हातला दूरचा कडा मी यलो ऑकर, थोडा इंडियन रेड आणि पांढरा यांतून करीत असे, आणि शेजारची सावली अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना व पांढरा यांच्या राखाडीतून. राखाडी शेजारी आली की तोच फिका तांबूस रंग पेटून उठतो. नुसता पांढरा मिसळला की लाल रंग थंड आणि खडूसारखा होतो. त्यासोबत नेहमी थोडा ऑकर जाऊ द्यावा.

कातळवेडी

मी चित्रकार नाही, भूशास्त्र शिकलेली आहे, तरीही यात दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ग्रँड कॅन्यनचा कडा एकाच खडकाचा नाही, आणि त्याचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार त्यातूनच आलेला आहे. सर्वांत वर कायबाब चुनखडीचा मळकट पांढरा थर, त्याखाली थोड्या अंतरावर कोकोनिनो वालुकाश्माची फिकी, सरळ तुटलेली भिंत. हा वालुकाश्म म्हणजे प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. त्याखाली हर्मिट आणि सुपाईचे तांबडे, मऊ, उताराचे थर, आणि मग रेडवॉल चुनखडीचा प्रचंड कडा. हा रेडवॉल मुळात करडा आहे! वरच्या तांबड्या थरांतून पावसाच्या पाण्याबरोबर ओघळलेल्या लोह ऑक्साइडने त्याचा केवळ पृष्ठभाग रंगलेला आहे, आणि जिथे ताजा तुकडा पडलेला असतो तिथे आतला करडा दिसतो. त्याखाली ब्राइट एंजल शेलचा हिरवट सपाट टप्पा, आणि अगदी तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे विष्णू शिस्टचे काळपट खडक. होय, आपलाच विष्णू. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शिखरांना पौर्वात्य देवांची नावे देण्याचा पायंडा पाडला, म्हणून काठावर उभे राहिले की विष्णू टेंपल आणि शिवा टेंपल ही नावे ऐकू येतात.

चित्राशी याचा संबंध असा : कठीण थर उभा तुटतो, मऊ थर उतार होतो. हा क्रम लक्षात ठेवला तर कुठल्या रेषा उभ्या आणि कुठल्या तिरक्या ठेवायच्या हे फोटोशिवायही कळते, आणि सगळीकडे सारख्या विटा रचल्या जात नाहीत. शिवाय आपला बर्न्ट सिएना, इंडियन रेड आणि आपल्याकडची काव हे सगळे लोह ऑक्साइडचेच रंग आहेत. म्हणजे त्या कड्याला ज्याने रंगवले त्याच पदार्थाने आपण चित्र रंगवत असता.

अर्धा कॅनव्हास

वरील प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘छोट्या चित्रात जे नाही ते मोठ्यात नको’ हे मला पटत नाही. तसे असते तर एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी निसर्गचित्रकार थॉमस मोरान याचे काम झालेच नसते. १८७३ मध्ये तो कोलोरॅडो नदीचे संशोधक मेजर पॉवेल यांच्याबरोबर ग्रँड कॅन्यनला गेला, तिथे त्याने रेखाटने केली, आणि ‘द कॅझम ऑफ द कोलोरॅडो’ हे सुमारे सात बाय बारा फुटांचे तैलचित्र नंतर घरच्या स्टुडिओत पूर्ण केले. अमेरिकी काँग्रेसने ते दहा हजार डॉलरला विकत घेतले. त्या चित्रातला देखावा जसाच्या तसा कुठल्याही एका जागेवरून दिसत नाही. निरनिराळ्या ठिकाणचे पाहिलेले त्याने एकत्र रचले आहे. उलट टोकाला ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी आहे. त्याने १९९८ मध्ये साठ छोटे कॅनव्हास जोडून सुमारे साडेसात मीटर रुंदीचे ग्रँड कॅन्यन केले, कारण एवढा विस्तार एका नजरेत मावतच नाही, डोळा फिरवावा लागतो. दोघांनीही मोठ्या चित्रासाठी नवी रचना केली, छोट्याची मोठी प्रत काढली नाही. चौकोन आखून मोठे करणे हाच आपला मूळ दोष असावा. आठ इंचांत जो एक फटकारा होता तो तीस इंचांत चौपट लांब होतो, आणि हात तेवढा उचललाच जात नाही, म्हणून त्या जागेत तपशील भरला जातो. मोठा कॅनव्हास, मोठा ब्रश. दोन-तीन इंचांचा घ्या, आणि उभे राहून काम करा.

आणखी एक : जागेवर बोर्डावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात रंग असतो त्यापेक्षा उजळ दिसतो, म्हणून आपण नकळत गडद मिसळतो, आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले निघते. छत्री पांढरी किंवा करडी असावी. लाल-निळी छत्री आपला रंग बोर्डावर टाकते. अस्तरासाठी, म्हणजे चित्राखालच्या पहिल्या रंगाच्या थरासाठी, बरेच जण बर्न्ट सिएनाचा पातळ हात देतात. माझ्या मते ते चुकीचे आहे, कारण तांबड्या अस्तरावर प्रत्येक निळा जास्त निळा भासतो आणि सावल्या कमी पडतात. मध्यम करडे अस्तर बरे.

जुना ब्रश

मोरानचा मुद्दा मान्य. माझे वाक्य फोटोतल्या तपशिलापुरते समजावे, रचनेपुरते नव्हे. अस्तराबाबत मात्र मी सिएनावाल्यांच्याच बाजूचा. निळ्या सावलीच्या फटींतून ते तांबडे डोकावते ते फुकट मिळालेले परावर्तित ऊन असते. अमेरिकी चित्रकार मेनार्ड डिक्सनची वाळवंटातली चित्रे पाहावीत. त्याने कडे इतके मोठ्या, सपाट आकारांत बसवले आहेत की ब्रशचा तपशील जवळजवळ नाहीच, तरीही दुपारचे ऊन अंगावर येते.

रंकाळाकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या शनिवार-रविवारी हे करून पाहिले. जुने छोटे चित्र समोर ठेवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, चौकोन न आखता, प्रथम फक्त सावल्यांचा एक सलग आकार राखाडीत मांडला. तेवढ्यानेच दरी खोल दिसू लागली, हे पाहून क्षणभर रंग लावावा की नाही असे वाटले. रेडवॉलच्या पट्ट्यात मुद्दाम दोन-तीन ठिकाणी करडा ठेवला आणि बाजूचा तांबडा न वाढवताच वाढला. आकाश मात्र अजून जड आहे, ते पुन्हा करावे लागेल.

एक व्यावहारिक शंका राहिली. ऑक्टोबरात तीन दिवस काठावर राहणार आहे. कोरड्या हवेत चित्रे लवकर वाळतील असे धरून चालावे का?

अर्धा कॅनव्हास

धरू नका. टर्पेंटाइन तिथे भराभर उडून जाते, म्हणून पहिला पातळ हात लवकर बसतो आणि वाळल्याचा भास होतो; पण तेल उडत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्याला त्याचा वेळ लागतोच. टायटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रंगांचे जाड थर बरेच दिवस ओले राहतात, बर्न्ट अंबर लवकर वाळतो. खालच्या हातात तेल कमी आणि वरच्या हातांत जास्त, हा क्रम सांभाळावा, नाहीतर पुढे भेगा पडतात. घाई असेल तर अल्किड हे लवकर वाळणारे माध्यम थोडे मिसळावे, म्हणजे पातळ थर दुसऱ्या दिवशी हाताळता येतात. वारा सुटला तर ईझलला खाली पाण्याची बाटली टांगावी. वाळू ओल्या रंगात बसली तर तिथल्या तिथे उकरू नये, वाळल्यावर ती पुसून निघते.

परतताना दोन ओले बोर्ड समोरासमोर ठेवून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालावेत आणि बाहेरून चिकटपट्टीने घट्ट बांधावेत. गाडीत ते उभे ठेवावेत, आणि उन्हात तापणाऱ्या मागच्या काचेपाशी अजिबात ठेवू नयेत.