मदत हवी आहे: इंटिग्रेशन वाढवलं तर गच्चीवरचे उपग्रहही गायब

नमस्कार मंडळी,

आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ सिग्नल संगणकात घेणारी यूएसबी काडी) आणि साधा पॅच अँटेना (चपटा, चौकोनी) घेऊन पायथनमध्ये स्वतःचा जीपीएस रिसिव्हर लिहिते आहे. घर इंदूरला, रामबागेत, जुना वाडा. गच्चीवर आजीची परात पालथी घातली, ग्राउंड प्लेन (अँटेनाखालचा धातूचा पत्रा) म्हणून, आणि वर मधोमध अँटेना. १ मिलिसेकंदाच्या कोरिलेशनमध्ये (उपग्रहाचा ठरलेला कोड सिग्नलशी जुळवून पाहणं), म्हणजे कोडच्या १०२३ चिपच्या (घटकांच्या) एका फेरीत, ७ उपग्रहांचे पीक सुईसारखे उभे राहिले.

अँटेना माजघरात आणला की सगळं सपाट. मोकळ्या आभाळाखालीच सिग्नल उणे १३० डीबीएमच्या आसपास. २ मेगाहर्ट्झमधला नॉईज उणे १११, म्हणजे सिग्नल नॉईजच्याही खाली. त्यात आमच्या हातभर जाडीच्या भिंती. म्हणून कोहेरंट इंटिग्रेशन (सिग्नलची चिन्हासकट बेरीज करत राहण्याचा वेळ) २० मिलिसेकंद केलं. हिशेबाने १३ डीबी मिळायला हवेत. झालं उलटंच, गच्चीवरच्या रेकॉर्डिंगमधलेही ५ उपग्रह गेले! डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी जेवढी सरकते ते) उणे ५ ते अधिक ५ किलोहर्ट्झ, ५०० हर्ट्झच्या पायरीने शोधते. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

डॉप्लरची पायरी तीच ठेवलीत, तिथेच घोळ आहे. २० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची चूक झाली की बेरीज शून्यावर येते, आणि तुमच्या पायरीत ती २५० पर्यंत जाते. जे २ उरले ते योगायोगाने पायरीजवळ असणार. २५ हर्ट्झवर या. २१ ऐवजी ४०१ पायऱ्या होतील, पंखा घुमेल, इलाज नाही.

दुसरं, कोडवर चढवलेल्या संदेशाचा एक डेटा बिट २० मिलिसेकंदांचा असतो. मध्येच चिन्ह बदललं की अर्धी बेरीज अर्धीला खाते. मी १० मिलिसेकंदांचे तुकडे घेतो (पायरी ५० चालते), सम आणि विषम तुकड्यांची वर्गबेरीज वेगवेगळी करतो. दोघांपैकी एका गटात बिटची कड येतच नाही. असे ५० तुकडे घेतलेत तर कोडही सरकवत न्या: ३ किलोहर्ट्झ डॉप्लरला अर्ध्या सेकंदात जवळपास १ चिप सरकतो. हे विसरून मी एक अख्खा रविवार घालवला होता.

धागाकर्ती

पायरी! डोक्यातच आलं नाही. गच्चीवरचे सातही परत आले. माजघरात २ नक्की, तिसरा पीक नॉईजपेक्षा जेमतेम वर आहे. उपग्रह समजू का? (परात मात्र परत गेली, आजीला कणीक भिजवायची होती.)

प्रतिसाद

लगेच नको. पुढच्या अर्ध्या सेकंदाचं रेकॉर्डिंग घ्या. डॉप्लर तोच आणि पीक हिशेबाइतकाच सरकलेला दिसला तर उपग्रह. भलतीकडेच उगवला तर नॉईज.