नोकरी लागायच्या आधीचा खर्च तुमचा कोणी केला? (अनुभव लिहा)

सातबारा_कोरा
काल आमच्या सोसायटीतल्या वॉचमनचा मुलगा आला. "काका, हॉल तिकिटाची प्रिंट द्याल का? सेंटर नागपूर आलंय." आम्ही पनवेलला. प्रिंट दिली आणि मग उगाच डोक्यात हिशेब सुरू झाला. जाणंयेणं, एक रात्र, खाणं, वर फी. २०२३च्या तलाठी भरतीला खुल्या गटाला १००० रुपये फी होती, राखीव गटाला ९००. अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. आणि पोरं एकच फॉर्म थोडाच भरतात!

मला माझं भोपाळचं कॉल लेटर आठवलं. १९९४. वडिलांची गिरणी केव्हाच गेलेली, घरात शिवणयंत्रावर काय येईल तेवढंच. चाळीतल्या बायकांची भिशी होती, पण त्या महिन्याचा नंबर मागच्या खोलीतल्या काकूंचा. त्या आईला म्हणाल्या, "तू उचल, मी पुढच्या महिन्यात घेते." बस्स. ना व्याज ना लिखापढी. ती नोकरी मिळाली नाही हे वेगळं, काकूंनी त्यावरून कधी एक शब्द काढला नाही.

तुमच्यासाठी कोणी काय केलं? सरकारी मदत मिळाली असेल तर तीही लिहा, बऱ्याच मुलांना माहीतच नसतं.

गवती_चहा
पोलीस भरती. गावातल्या पाच पोरांत स्पाइकचा (खिळ्यांच्या धावायच्या बुटांचा) एकच जोड, पीटीच्या सरांनी घेऊन दिलेला. ज्याचं ग्राउंड आधी त्याच्या पायात. जोड होता सात नंबरचा. सातवाल्याचं भलं झालं, नऊवाला १६०० मीटर अनवाणी पळाला आणि लागला पण तोच 😄

एसटीने_जाऊ
नऊवाला आता कुठे आहे?

गवती_चहा
हवालदार. स्पाइकला शिव्या घालतो अजून.

हरिपूरची_हळद
रेल्वेची सवलत कोणाला आठवते का? केंद्र सरकारच्या नोकरीची मुलाखत असेल तर बेकाराला सेकंड क्लासचं तिकीट पूर्ण माफ, स्लीपरला निम्मं. महापालिका, विद्यापीठ, सरकारी कंपनी असेल तर निम्मं भाडं. कॉल लेटर घेऊन जायचं, ठरलेला फॉर्म द्यायचा. मी मिरजहून दिल्लीला असाच गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म वरून खालून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "परत येताना पेढे आण." फुकटात पेढे कुठून आणणार, पण बोलायला काय जातं त्यांचं.

तिरफळ
मार्च २०२०पासून ती सवलत बंद. कोविडमध्ये सगळ्याच सवलती थांबवल्या, फक्त दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी ठेवले. ज्येष्ठांच्या सवलतीवरून केवढा गदारोळ झाला, बेकारांच्या सवलतीचं कोणी नावही काढलं नाही. रेल्वे भरतीला एससी-एसटी उमेदवारांना फुकट पास मिळतो, तो वेगळा.

हरिपूरची_हळद
ज्येष्ठांची संघटना असते हो. बेकारांची कुठे असते? असली तरी सेक्रेटरीला नोकरी लागली की बंद पडणार.

झेरॉक्स_२रु
मी काउंटरच्या पलीकडचा. कॉलेजसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता पोरगं येतं, खात्यात पैसे नसतात. फी मी भरतो, वहीत लिहितो. सगळे फेडतात असं नाही, पण जेवढे लोक म्हणतात तेवढे बुडवतही नाहीत. एकाने लग्नाच्या पत्रिकेसोबत पाकीट आणून दिलं, मी विसरूनही गेलो होतो.

रेल्वेचा फॉर्म भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. २०१८पासूनच्या भरत्यांत ५०० फीतले ४०० परत येतात, आणि महिला, एससी, एसटी वगैरेंना २५०चे पूर्ण २५०. (बँकेचे चार्जेस कापून.) पण पहिल्या सीबीटीला (संगणकावरच्या परीक्षेला) बसलात तरच. बँकेचा रकाना पोरं गडबडीत काहीही भरतात, मग वर्षभर माझ्याकडे येऊन विचारतात, रिफंड कुठाय. मी काय रेल्वेमंत्री आहे?

मुग्धा_के
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर परत नोकरी शोधायला लागले. मुलाखतीला जायचं म्हणजे आधी पोरीला कोण बघणार. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं, मी आहे," आणि वर पर्समध्ये पैसे कोंबले, नवऱ्यासमोर नाही, मागच्या दाराने. त्यांनी स्वतः कधी नोकरी केली नाही. २०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा माझ्यासारखीला फार उपयोग झाला. सातारा-पुणे हेलपाटे परवडायला लागले. लोक हसतात की बायका निम्म्या तिकिटात माहेरी फिरतात. फिरू देत की! मी मुलाखतींना फिरले.

एसटीने_जाऊ
मुग्धाताई, भाजी कसली?

मुग्धा_के
गवार. लागली बुडाला 🙈

वांग्याचं_भरीत
भावाला चाकणच्या कंपनीतून कमी केलं तेव्हा कळलं, पगारातून ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापली जात असेल तर नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. आधी २५ टक्के होता, २०२०मध्ये वाढवला. पगारातून वर्षानुवर्षं कापतात तेव्हा आपण फक्त दवाखाना समजतो. त्याच पैशांत त्याने पुढच्या मुलाखतींचं पेट्रोल भागवलं. घरखर्च वहिनीच्या डब्यांवर.

तिरफळ
कंत्राटी कामगारांना पण?

वांग्याचं_भरीत
ईएसआयसी नंबर असेल तर हो. पण दोन वर्षं विमा भरलेला हवा, आणि गैरवर्तनासाठी काढलेलं नको. मोबाइल लिंक नसेल तर आधी ते करा, नाहीतर डोकं फिरतं.

नेकारनदीकाठी
स्टुटगार्टहून. इथे कंपनीने मुलाखतीला बोलावलं तर प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असा कायदाच आहे, पत्रात आधी स्पष्ट नाही म्हटलं असेल तरच सुटका. मला माहीतच नव्हतं. म्युनिकला मुलाखत झाली, रिसेप्शनवरच्या बाईंनी स्वतःहून फॉर्म पुढे केला. मला वाटलं, कसली तरी फी मागतायत. शेजारचा जर्मन मुलगा शांतपणे तिकीट चिकटवत बसला होता.

कंपनी देत नसेल तर इथल्या रोजगार कार्यालयाकडे मागता येतं. अर्जाच्या फाइलचा, फोटोचा, प्रवासाचा खर्च. पण मागणी खर्चाच्या आधी नोंदवायची. नंतर तिकिटं घेऊन गेलात तर हात वर करतात. आणि देतीलच असंही नाही, समोरच्या अधिकाऱ्याला पटलं पाहिजे.

सातबारा_कोरा
आधी नोंदवायची हे बरं आहे. आपल्याकडे मिळालं तरी नंतर मिळतं, आणि अडतं नेमकं आधीच्या पैशांवर.

अभ्यासिका_खुर्ची_नं_४०
अगदी! यूपीएससीच्या मुलाखतीला दिल्लीला धोलपूर हाउसला (त्यांच्या ऑफिसात) गेलं की रेल्वेचं साध्या स्लीपरचं जाण्यायेण्याचं भाडं देतात. पण आधी पोचा तर खरं. शिवाय तिथे कोणी साध्या शर्टात जात नाही, सूट शिवायचा म्हणजे भाड्याच्या कैकपट. आमच्या पेठेत सीनियर लोकांचे ब्लेझर फिरतात. एक नेव्ही ब्लू असा आहे की तो आतापर्यंत बऱ्याचदा मुलाखतीला गेलाय, त्याला स्वतःलाच एव्हाना पोस्ट मिळायला हवी होती.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून मुख्य परीक्षा आणि मुलाखतीच्या टप्प्यावर अर्थसाहाय्य असतं. ज्याला लागू त्याने त्या त्या साइटवरची जाहिरात बघा, मुदत चुकवू नका.

लोणी_धपाटे
ब्लेझरला वास येतो का हो? 😂

अभ्यासिका_खुर्ची_नं_४०
नॅप्थलीन आणि टेन्शन.

हरिपूरची_हळद
माझ्या पुतण्याला २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात तालुक्याला घेतलं. बारावीला महिना ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,०००, थेट खात्यात. पैसे महिना भरल्यावर येणार, पण बसचं भाडं पहिल्या दिवसापासून. तो पहिला महिना माझ्या वहिनीने कोंबड्या विकून काढला. पोरगा आता म्हणतो, कोंबड्या परत घेऊन देईन. अजून तरी खुराडं रिकामंच आहे.

आडवाटेची_प्रवीणा
धाग्याशी फारसा संबंध नाही, पण लिहितेच. मी उलट्या टोकाला आहे, छोट्या कंपनीत एचआर. बाहेरगावच्या मुलांना पहिली फेरी व्हिडिओवर घ्या म्हणून मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, प्रत्यक्ष आल्याशिवाय मुलगा कळत नाही. म्हटलं, मग भाडं द्या. चर्चा तिथेच थांबली आणि पहिली फेरी व्हिडिओवर गेली 😊

गवती_चहा
तुमच्याकडे जागा आहे का? भाचा आहे, बीकॉम, टॅली येतं.

आडवाटेची_प्रवीणा
आहे एक, अकाउंट्सला. विपूत (खासगी निरोपात) बायोडेटा पाठवायला सांगा. फोटो साधा चालेल, स्टुडिओत जाऊन खर्च करू नका म्हणावं.

झेरॉक्स_२रु
ताई, आमच्या पोटावर पाय देऊ नका हो, पासपोर्ट फोटो पण मीच काढतो.