काडतूस, गोळी आणि गळालेलं टिंब

टांझानियातल्या एका शिकारकथेचा अनुवाद करतेय. रानरेड्याच्या मागावर निघालेला माणूस पानभर विचार करतो, .३७५ची रायफल न्यावी की .४५८ची? मी सगळीकडे 'गोळी' लिहीत सुटले आणि एका वाक्याशी अडले: "या गोळीतली गोळी जास्त जड होती." काय करू? आणि 'बिग गेम'ला खर्ड्यात 'मोठा खेळ' लिहून ठेवलंय. हसू नका.

—

ताई, हसलो, माफ करा. 'मोठी शिकार' म्हणा. मराठीत शिकार ही करायचीही असते आणि टप्प्यातही येते, त्यामुळे प्राणी आपोआप त्यात आला.

आता गोळी. नळीतून बाहेर पडते ती गोळी. पितळी पुंगळी, आतली दारू, बुडाची टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. बोलताना आपण दोन्हीला गोळीच म्हणतो. बातमीत मात्र 'दोन जिवंत काडतुसं' येतं आणि घटनास्थळी 'रिकाम्या पुंगळ्या' सापडतात, ते अगदी बरोबर. तुमच्या शिकाऱ्याला आधी काडतूस ठरवायचंय, मग त्याच काडतुसात कुठली गोळी हवी ते. नरम टोकाची अंगात शिरली की फुलते आणि जखम रुंद करते. 'सॉलिड' फुलत नाही, हाड फोडून खोल जाते. दोन्ही शब्द वेगळे ठेवले नाहीत तर त्याचं अख्खं पानच वाया.

काडतूस पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आलं. मुळात कागदाची सुरळी. १८५७ साली शिपायांनी दातांनी फोडायला नकार दिला ती चरबीची काडतुसं कागदाचीच होती.

—

ते आकडे गोळीच्या जाडीचे, इंचात आहेत. आमच्या वर्कशॉपच्या भाषेत .३७५ म्हणजे बरोब्बर तीन सूत! .४५८ म्हणजे साडेतीन सुतांहून जरा जास्त. दोन्हींत एका सुताचाही फरक नाही आणि हा गडी पानभर विचार करतो?

—

करणारच. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ची, साधारण ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांनी फेकते. १९५६ची .४५८ विंचेस्टर मॅग्नम ५०० ग्रेनची फेकते, पण एकवीसशेच्या आसपास. पहिली लांबवर सरळ जाते आणि खांद्याला सोसते. दुसरी जवळून अंगावर येणाऱ्या रेड्यासाठी, पण तिचा दणका असा की नवखा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. आफ्रिकेत काही देशांत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ ही कायद्याने किमान मर्यादा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच होते.

'स्टॉपिंग पॉवर'ला 'थांबवण्याची शक्ती' नको हो, एसटीचे ब्रेक आठवतात. 'जागीच बसवते' लिहा.

—

'ग्रेन'ला मी 'दाणे' लिहिलं होतं. पाचशे दाण्यांची गोळी…

—

अरे देवा. वाचकाला ते छऱ्याचं काडतूस वाटेल. ग्रेन हे वजन आहे, तसंच ठेवा. गंमत म्हणजे जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा (हल्लीचा सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे). ३०० ग्रेन म्हणजे एक तोळा आठ मासे, ५०० म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून किंचित जास्त. अनुवादात घालू नका, पण लिहिताना तळहातावर तेवढं वजन असू द्या.

—

'मोठ्या बोअरची रायफल' चालेल?

—

घोटाळा होईल. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी नळी. म्हणजे आकडा लहान तितकी नळी मोठी, तुमच्या दशांशांच्या अगदी उलट. 'कॅलिबर'ही मराठीत माणसाला चिकटलंय: 'त्याचं तेवढं कॅलिबर नाही' म्हणजे वकूब नाही. मी सरळ 'जाड नळीची' लिहीन.

बाकी या आकड्यांत आपलाही हात आहे. १९०७मध्ये इंग्रजांनी .४५०ची काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानात न्यायला बंदी घातली. तेवढ्याच मापाच्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळेल ही धास्ती. मग बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढली. त्यातही .४७०ची गोळी असते .४७५ची. आकड्याला माप न समजता नाव समजा.

—

आणि ताई, ते टिंब सांभाळा. माझ्या एका लेखात छापताना ते गळलं आणि शिकारी '४५८ काडतुसं घेऊन' एकटाच जंगलात शिरला. पुढे वाक्य होतं, "खिशात त्यांचं ओझं जाणवत नव्हतं."

—

बदललं. आता असं आहे: "शेवटी त्याने पॉइंट थ्री-सेव्हन्टी-फाइव्हच उचलली. चार काडतुसं पट्ट्यात खोचली, दोन नरम टोकाची, दोन सॉलिड. कुठली कुठल्या बाजूला, हे अंधारातही बोटांना कळावं म्हणून मधला एक खण रिकामा सोडला."

चाप आणि घोडा यांत फरक काय, ते उद्या विचारते.