काकरापारचा तपासणी अहवाल आपल्याला वाचायला का मिळू नये?

तापीकाठचा (भुसावळ)

हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी उकाई धरणात जातं आणि उकाईतून पुढे गुजरातमधल्याच काकरापारला. आपण वरच्या अंगाला, अणुवीज केंद्र खालच्या, त्यामुळे खान्देशात त्यावर कुणी बोलत नाही. तिथे आता चार अणुभट्ट्या आहेत. दोन जुन्या 220 मेगावॅटच्या, दोन नव्या 700 च्या. चौथी 2024 च्या मार्चअखेर व्यावसायिक उत्पादनात आली.

चेर्नोबिलनंतर जगभरच्या अणुवीज कंपन्यांनी 1989 साली मॉस्कोत 'वानो' ही संघटना स्थापन केली. एका देशाचे ऑपरेटर दुसऱ्या देशाच्या केंद्रात जाऊन काम बघतात आणि उणिवा सांगतात. आपल्या एनपीसीआयएलच्या (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) केंद्रांतही ही पथकं येतात. अहवाल मात्र गोपनीय. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं (आयएईए) 'ओसार्ट' हे तपासणी पथक वेगळं. ते तीनेक आठवडे मुक्काम करतं, साधारण दीड वर्षाने सुधारणा झाली का ते बघायला परत येतं, आणि त्या देशाने हरकत घेतली नाही तर त्याचा अहवाल 90 दिवसांनी खुला होतो. भारतात पहिलं ओसार्ट 2012 साली रावतभाट्याला झालं, राजस्थान केंद्राच्या 3 आणि 4 नंबरच्या युनिटला.

माझं म्हणणं एवढंच की वानोचा अहवाल उघडा करा, नाहीतर काकरापारला ओसार्ट बोलवा.

मास्तरीण_अमळनेर

पाहुण्यांच्या तपासणीवर तुमचा एवढा विश्वास बघून गंमत वाटली. कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची पीअर टीम म्हणजे काय ते. आमच्याकडे टीम येणार म्हणून कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. प्रयोगशाळेतल्या बंद फ्यूम हूडवर (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) नवा रंग. पाहुणे गेल्यावर कुंड्या टेम्पोत आणि फ्यूम हूड होता तसाच बंद.

अणूचंही उदाहरण देते. जपानने 2007 मध्ये आपल्या नियामक यंत्रणेची आंतरराष्ट्रीय तपासणी करून घेतली. पथकाने कौतुक केलं, आणि दोन नियामक संस्थांची कामं नीट वेगळी करा असं सुचवलं. 2011 ला फुकुशिमा. पथक चुकीचं होतं असं नाही हो. त्यांच्या यादीत समुद्राची भिंत नव्हती, एवढंच. पाहुणा घरमालक दाखवतो त्याच खोल्या बघतो.

दीपनगर_निवृत्त

मॅडम, नॅकचं खरं आहे, पण तुलना जुळत नाही. नॅकला ग्रेड मिळवायची असते म्हणून कॉलेज लपवतं. ओसार्ट पास-नापास ठरवत नाही. येणारा माणूस स्वतः कुठल्या तरी कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या काढलेला असतो. कुंडी बघून तो भुलत नाही. ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा राहून अलार्म वाजल्यावर हात आधी कुठे जातो ते बघतो. फाइल नंतर.

मी औष्णिकवाला, अणूत काम केलेलं नाही. पण बत्तीस वर्षांत एक शिकलो. इंटरलॉकला, म्हणजे धोका दिसला की मशीन थांबवणाऱ्या यंत्रणेला, जंपरची तार मारून मशीन चालवलं, हे लोक चहावर सांगतात, लॉगबुकात लिहीत नाहीत. लिहिलं की मेमो. वानोच्या पथकाला लोक खरं सांगतात ते गोपनीयतेमुळेच. ते उद्या पेपरात छापून येणार म्हटल्यावर कोण तोंड उघडेल?

आणि ऐकीव गोष्टीची किंमत बघा. अमेरिकेत डेव्हिस-बेसीला सप्टेंबर 1977 मध्ये दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला. ऑपरेटर गोंधळले, पण भट्टी कमी पॉवरवर होती म्हणून निभावलं. तो धडा दुसऱ्या केंद्रांच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचला नाही. मार्च 1979 ला थ्री माइल आयलंडला तसाच व्हॉल्व्ह तसाच अडकला आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकन कंपन्यांनी आपसात तपासणारी संस्था काढली. वानो ही त्याच कल्पनेची जागतिक आवृत्ती.

रावेरचा_केळीवाला

काका, गोपनीयतेचं पटलं नाही. काकरापारच्या 1 नंबरला 11 मार्च 2016 ला गळती झाली (तारीख बघा, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं). आदल्या वर्षी 2 नंबरलाही नळी गळाली होती. शोध घेतल्यावर काय निघालं? इंधनाची नळी आणि तिच्याभोवतीची दुसरी नळी यांच्यामध्ये जो कार्बन डायऑक्साइड फिरवतात, त्यात हायड्रोकार्बनची भेसळ. नळी बाहेरून खाल्ली गेली होती. जुन्या नळ्या काढून नव्या बसवायला दोन्ही युनिटं काही वर्षं बंद राहिली.

आमच्या केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरला गॅसचा सिलिंडर आला की आम्हीही पावतीच बघतो, आत काय आहे ते कोण बघतं? निर्यातीच्या पॅकहाऊसला ऑडिटर आला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, धुवायचं पाणी तपासलं का? चिडचिड झाली, पण तेव्हापासून तपासतो. त्याचा रिपोर्ट घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही दिसतो, म्हणूनच तपासतो! नुसता मला मिळाला असता तर ड्रॉवरमध्ये पडला असता.

जामनेरकर_88

आयएईएची माणसं तर काकरापारला येतातच ना? कॅमेरे लावलेत म्हणे. मग नवीन कुणाला कशाला बोलवायचं?

दीपनगर_निवृत्त

ते सेफगार्ड्स. इंधन बॉम्बकडे वळत नाही ना, याचा हिशेब. त्या निरीक्षकाला तुमचा पंप गंजलाय का याच्याशी देणंघेणं नसतं. सगळे इथेच गल्लत करतात.

लोको_शेड

भुसावळला जन्म गेला, म्हणून रेल्वेचं सांगतो. अपघात झाला की चौकशीला सीआरएस येतात, रेल्वे सुरक्षा आयुक्त. ते रेल्वे मंत्रालयाचे नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ब्रिटिशांच्या काळात, 1941 मध्येच, त्यांना रेल्वेपासून वेगळं काढलं. गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्या अपघाताची चौकशी करू नये, इतकी साधी गोष्ट.

अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली सरकारी आदेशाने झालं आणि अणुऊर्जेचा सगळा कारभार बघणाऱ्या अणुऊर्जा आयोगालाच उत्तर देत राहिलं. कॅगने 2012 ला त्यावर बोट ठेवलं. नियामकाला कायद्याचा आधार देणारं 2011 चं विधेयक मंजूर न होताच त्या लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. मार्च 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने मंडळाची तपासणी केली आणि सांगितलं, स्वातंत्र्य कायद्यात लिहा. मंडळाला कायद्याचा दर्जा मिळाला तो डिसेंबर 2025 च्या शांती या नव्या अणुऊर्जा कायद्याने. दहा वर्षं! आणि ही दहा वर्षं आपण मोजू शकतो, कारण तो अहवाल छापलेला होता. वानोच्या कपाटातल्या शिफारशींची वर्षं कोण मोजणार?

मास्तरीण_अमळनेर

लोकोभाऊंनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. सांगणारे मिळतात, ऐकणारा मिळत नाही. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्राचं घ्या. टर्बाइनच्या पात्यांत दोष आहे, असा इशारा मूळ डिझाइनवाल्या परदेशी कंपनीकडून 1989 लाच आला होता. 31 मार्च 1993 ला पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या, केंद्र सतरा तास अंधारात. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून भट्टीत अणुक्रिया रोखणारं बोरॉन सोडलं. इशारा बाहेरून आला होता ना? मग आणखी एक पथक बोलावून काय होणार!

दीपनगर_निवृत्त

त्या टॉर्चवाल्यांना माझा नमस्कार. बाकी नरोऱ्याचं तुमचं मान्य. म्हणून थोडी माघार घेतो: कोण काय बोललं ते बंदच ठेवा, पण शिफारस कोणती, मुदत कधीची, काम झालं का, एवढा तक्ता मंडळाने दर वर्षी लावावा. माणसाचं नाव नको, पंपाचं चालेल.

तापीकाठचा (भुसावळ)

काका, तक्त्यावर माझीही सही. पण मग जुन्या गोष्टीही त्यात घ्या. जून 1994 च्या पावसात काकरापारशेजारचं मोतीचेर तळं चढलं, त्याचे दरवाजे उघडता आले नाहीत, आणि केबल-पाइपांच्या वाटांनी पाणी टर्बाइनच्या इमारतीत घुसलं. 1999 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या ब्लाये अणुवीज केंद्रात वादळी भरतीचं पाणी असंच जमिनीखालच्या वाटांनी आत आलं. हतनूरचे 41 दरवाजे बघत मोठा झालोय मी. दरवाजा पावसाळ्यात उघडतो की नाही ते मे महिन्यातच बघायचं असतं.

साक्रीवाला

भाऊ, माले वानो-ओसार्ट काही समजनं नही. आमना गावना लोकं दरसाल बारडोली-व्याराकडे ऊस तोडाले जातस. काही झायं ते त्यास्ले पहिले कोन सांगी, गुजरातवाला का महाराष्ट्रवाला?

दीपनगर_निवृत्त

आपत्ती आराखडा केंद्रापासून 16 किलोमीटरच्या गावांचा असतो, आणि तो तिथल्या जिल्हा प्रशासनाचा. म्हणजे गुजरातवाला.

साक्रीवाला

पन त्या गावमा राहतस कोठे? शेतमा पडाव टाकतस. आठ दिवसमा पडाव दुसरीकडे.

लोको_शेड

पडाव कुठे आहे ते फक्त मुकादमाला माहीत असतं. काका, तुमच्या तक्त्यात मुकादमाचा फोन नंबर कुठल्या रकान्यात बसवायचा?